चार्जिंगचा लाल दिवा: दोष शोधायचा कसा?

डॅशबोर्डवरच्या मीटरमध्ये बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा लागला की बहुतेक जण पहिला संशय बॅटरीवर घेतात. चित्रच बॅटरीचं आहे, त्यामुळे त्यांची फारशी चूक नाही. नवीन बॅटरी बसते, गाडी दोन-तीन दिवस छान चालते आणि मग एका सकाळी सेल्फ मारला की नुसतं ‘टिक टिक’. दोन-तीन दिवस गाडी चालली ती नव्या बॅटरीत भरून आलेल्या चार्जवर. दोष होता तिथेच होता.

हा दिवा बॅटरीची तब्येत मोजत नाही. एवढं पक्कं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं. त्याला दोन टोकं आहेत आणि त्या दोन टोकांवरच्या व्होल्टेजमध्ये फरक आहे की नाही, एवढंच तो दाखवतो. फरक असेल तर पेटतो, नसेल तर विझतो, थोडासाच असेल तर मिणमिणतो. पुढची सगळी तपासणी याच एका गोष्टीवर उभी आहे.

आधी सर्किट समजून घ्या

जुन्या, साध्या पद्धतीच्या गाडीपासून सुरुवात करू. ती कळली की नवीन गाड्यांचं गणित सोपं जातं.

बॅटरीच्या प्लसवरून वायर इग्निशन स्विचला येते. स्विच ऑन केला की तिथून करंट फ्यूजमधून मीटरमधल्या दिव्याच्या एका टोकाला पोचतो. दिव्याच्या दुसऱ्या टोकापासून एक बारीक वायर अल्टरनेटरच्या (इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) डी+ टर्मिनलवर जाते. काही गाड्यांत त्याच टर्मिनलवर ६१ किंवा एल असं लिहिलेलं असतं. अल्टरनेटरच्या आत डी+ पासून रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), ब्रश (म्हणजे कार्बन), स्लिप रिंग (ब्रश ज्यांवर घासतात त्या कड्या), रोटरचं (फिरणाऱ्या भागाचं) वाइंडिंग असा रस्ता अर्थपर्यंत, म्हणजे बॉडीपर्यंत, जातो.

इंजिन बंद, स्विच ऑन. एका टोकाला १२ व्होल्ट, दुसरं टोक रोटरमधून जवळजवळ अर्थला. दिवा पेटतो. पेटताना त्याच्यातून जो थोडा करंट रोटरमध्ये जातो, त्यानेच रोटरचं चुंबक जागं होतं. म्हणजे हा दिवा नुसता निरोप्या नाही, अल्टरनेटरला सुरुवातीचा धक्का देणाराही तोच आहे. २.२ वॉटचा बल्ब असेल तर हा करंट साधारण ०.१८ अँपिअर भरतो.

इंजिन सुरू झालं की स्टेटरमध्ये, म्हणजे रोटरभोवतीच्या स्थिर वाइंडिंगमध्ये, वीज तयार होते. सहा मोठे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) ती बी+ या मुख्य टर्मिनलवरून जाड वायरने बॅटरीकडे पाठवतात. तीन छोटे डायोड, ज्यांना एक्सायटर डायोड म्हणतात, तीच वीज डी+ वर आणतात. आता डी+ वर १४ व्होल्ट आणि दिव्याच्या स्विचकडच्या टोकालाही १४ व्होल्ट. दोन्हीकडे सारखंच, म्हणून दिवा विझतो. दिवा विझला याचा अर्थ कुणी तो बंद केला असा नाही. त्याच्यातून वाहायला करंटला कारणच उरलं नाही.

हाताशी काय लागेल

एक डिजिटल मल्टिमीटर, एक बल्बवाला टेस्ट लॅम्प (एलईडीवाला नको), आणि मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज बसवलेली हातभर जंपर वायर. फ्यूजशिवाय जंपर वापरू नका. चुकून भलत्या वायरला लागली तर फ्यूज जाईल, हार्नेस (वायरींचा जुडगा) जळणार नाही.

दोन पथ्यं. अल्टरनेटरचं बी+ टर्मिनल चावी बंद असतानाही बॅटरीशी थेट जोडलेलं असतं. तिथे पाना लावायचा असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. पाना बॉडीला टेकला तर तिथल्या तिथे वेल्डिंग होतं, आणि हातात धातूचं घड्याळ किंवा अंगठी असेल तर मनगट किंवा बोट भाजतं. दुसरं पथ्य जास्त महत्त्वाचं: चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून ‘गाडी बंद पडते का बघू’ हा जुना प्रयोग अजिबात करू नका. डायनमोच्या काळात तो खपून जायचा. अल्टरनेटरवरचा लोड एकदम सुटला की लाइनमध्ये कित्येक दहा व्होल्टचा झटका बसतो आणि डायोड, रेग्युलेटर, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) यांपैकी जो कच्चा असेल तो जातो. चार्जिंग तपासायला गेलात आणि ईसीयू घालवून बसलात, असं व्हायला नको.

पायरी १: काहीही न उघडता नुसतं बघा

बॉनेट उघडायच्या आधी तीन अवस्थांत दिवा काय करतो ते कागदावर लिहा: चावी पूर्ण बंद असताना, चावी ऑन पण इंजिन बंद असताना, आणि इंजिन चालू असताना. चालू असताना आयडलला एकदा आणि थोडी रेस दिल्यावर एकदा.

ठीक गाडीत क्रम असा दिसतो: बंद, पेटलेला, बंद. यातली कोणती जागा बिघडली आहे त्यावर पुढची वाट ठरते. शिकाऊ मुलं नेमकी ही पायरी गाळतात, कारण यात हात काळे होत नाहीत आणि काम केल्यासारखं वाटत नाही. पण अर्ध्या मिनिटात इथे जे कळतं ते नंतर तासभर मीटर लावूनही कळत नाही.

पायरी २: बॅटरीवरचे तीन आकडे

गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर पुढचं काही मोजण्याआधी चार्जरवर लावा, कारण रिकाम्या बॅटरीवर घेतलेले आकडे फसवतात.

इंजिन सुरू करून थोडी रेस दिल्यावर साध्या पद्धतीच्या गाडीत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसायला हवं. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावा. आकडा थोडा उतरेल, पण १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे.

दिवा काय करतो आणि आकडे काय सांगतात, या दोन गोष्टी आता हातात आहेत. पुढे तक्रारीप्रमाणे जाऊ.

तक्रार एक: चावी ऑन केली तरी दिवा लागतच नाही

ही तक्रार घेऊन मालक कधीच येत नाही. न लागणारा दिवा कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. तो येतो बॅटरी उतरल्यावर.

आधी ऑइल प्रेशरचा आणि बाकीचे दिवे लागतात का बघा. तेही नसतील तर मीटरचा फ्यूज किंवा स्विचकडून येणारी लाइन गेली आहे, अल्टरनेटरपर्यंत जायची गरज नाही. फक्त चार्जिंगचाच दिवा गप्प असेल तर अल्टरनेटरवरचं डी+ चं कपलर (वायरीचा प्लग) काढा. चावी ऑन ठेवा आणि काढलेल्या वायरचं टोक फ्यूजवाल्या जंपरने इंजिनच्या अर्थला लावा.

दिवा लख्ख पेटला? मग स्विच, फ्यूज, बल्ब, वायर सगळं ठीक आहे आणि दोष अल्टरनेटरच्या आत आहे. नाही पेटला? मग दोष दिव्यापासून कपलरपर्यंतच्या भागात आहे: बल्ब उडालेला, होल्डर सैल, मीटरच्या मागच्या प्रिंटचा ट्रॅक तुटलेला, किंवा कपलरच्या पिनवर हिरवट गंज.

इथे नवखे हमखास एक चूक करतात. जंपरऐवजी त्या वायरच्या टोकाला व्होल्टमीटर लावतात, १२ व्होल्ट दिसले की ‘वायर ओके’ म्हणतात. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या पिनेतून, एका तारेवर लटकलेल्या वायरीतूनही तो १२ दाखवतो. वायरला काम करायला लावल्याशिवाय तिची पात्रता कळत नाही. म्हणून जंपर किंवा टेस्ट लॅम्प.

दोष आत आहे असं ठरलं तर बहुतेक वेळा ब्रश उगाळलेले सापडतात. ब्रश ५ मिलिमीटरच्या आसपास उरला असेल तर बदलायची वेळ झाली समजा. स्प्रिंग त्याला स्लिप रिंगवर नीट दाबू शकत नाही. ब्रश ठीक असतील तर दोन स्लिप रिंगच्या मध्ये ओहममीटर लावून रोटर मोजा. साधारण २ ते ५ ओहम यायला हवेत. काहीच नाही आलं तर रोटरचं वाइंडिंग तुटलंय. एकेक स्लिप रिंग आणि रोटरचा शाफ्ट यांच्यामध्ये मात्र काहीही रीडिंग येता कामा नये. रोटर आणि ब्रश दोन्ही चांगले असतील तर उरला रेग्युलेटर.

आणखी एक तपासणी इथेच करून टाका, दहा सेकंदांची आहे. कपलर काढलेलं असताना, इंजिन बंद असताना, अल्टरनेटरवरच्या डी+ टर्मिनलवर (वायरवर नाही) मीटर लावा. तिथे शून्य हवं. बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसलं तर आतला एक मोठा प्लस डायोड (बी+ कडच्या बाजूचा) शॉर्ट आहे. त्याची गोष्ट पुढे येतेच.

तक्रार दोन: इंजिन चालू आहे तरी दिवा पूर्ण पेटलेला

सगळ्यात आधी बेल्ट. तुटला असेल आणि त्याच बेल्टवर पाण्याचा पंपही फिरत असेल तर तो दिवा चार्जिंगचा राहत नाही, इंजिन तापून बसायच्या आधीचा इशारा ठरतो. गाडी तिथेच बंद करा. बेल्ट जागेवर असेल तर ताण बघा, चकाकलेला आहे का बघा. काही गाड्यांत अल्टरनेटरची पुली एकाच दिशेने पकडणारी असते. ती आतून गेली की बेल्ट आणि पुली दोन्ही फिरताना दिसतात आणि रोटर जागेवरच. इंजिन बंद करून, बेल्ट काढून पुली हाताने दोन्ही दिशांना फिरवली की कळतं: एका दिशेला रोटरला घेऊन फिरली पाहिजे, दुसऱ्या दिशेला मोकळी.

मग इंजिन बंद, चावी ऑन, डी+ चं कपलर काढा. दिवा विझला तर वायर ठीक. कपलर काढूनही दिवा पेटलेलाच राहिला तर ती बारीक वायर वाटेत कुठेतरी बॉडीला लागली आहे. इंजिनच्या बाजूने जाणारा हार्नेस, जिथे क्लिप तुटून तो कडेवर घासतो, तिथे आधी शोधा. जुन्या पद्धतीच्या अल्टरनेटरवर अशी वायर शॉर्ट असताना गाडी चालवत राहिलात तर रोटरला मिळायची वीज अर्थला जाते आणि ते तीन छोटे डायोड जळतात. म्हणजे एका घासलेल्या वायरीपायी अल्टरनेटर उघडावा लागतो.

वायर ठीक असेल तर इंजिन चालू करून बी+ वर मीटर लावा. तिथेही १२ च्या आसपास आणि उतरता आकडा असेल तर अल्टरनेटर काहीच देत नाहीये, तो काढून ब्रश, रोटर, रेग्युलेटर, स्टेटर या क्रमाने बघा. हा क्रम मी स्वस्त आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारा ठेवला आहे.

तक्रार तीन: दिवा मिणमिणतो

माझ्या मते सगळ्यात जास्त चुकीची दुरुस्ती याच तक्रारीत होते, आणि मूळ तत्त्व सगळ्यात जास्त उपयोगी पडतं तेही इथेच. मिणमिणतो म्हणजे दोन टोकांत थोडाच फरक आहे, एखाद-दोन व्होल्टचा. तर मग प्रश्न एवढाच: कमी कुठल्या टोकाला आहे?

इंजिन १५००–२००० आरपीएमवर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. बी+ आणि डी+ दोन्ही टर्मिनल मोजा, मग बॅटरीचा प्लस मोजा.

डी+ बी+ पेक्षा कमी असेल, समजा १२.५ आणि १४, तर छोट्या डायोडपैकी एखादा उघडा पडलाय (त्यातून वीज जातच नाही) किंवा स्टेटरची एक फेज, म्हणजे तीनपैकी एक वाइंडिंग, गेली आहे. अल्टरनेटर बाहेर काढावा लागेल.

डी+ आणि बी+ सारखे, पण बॅटरीवर कमी? म्हणजे अल्टरनेटर बिचारा काम करतोय, माल वाटेत अडतोय. मीटरची लाल पिन बी+ च्या टर्मिनलवर आणि काळी पिन बॅटरीच्या प्लसवर लावा. हो, प्लसवर प्लस. लोडवर ०.३ व्होल्टच्या आत यायला हवं. जास्त आलं तर जाड वायरीचा लग (टोकाची कडी), फ्यूजिबल लिंक (त्या वायरीतला मोठा फ्यूज) किंवा बॅटरीचं टर्मिनल तापतंय. हात लावून बघा, जो जोड कोमट लागेल तोच गुन्हेगार. मग अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचं निगेटिव्ह असंच मोजा, ०.२ च्या आत. इंजिनची अर्थ पट्टी गंजली की सगळ्या मीटरचे दिवे विचित्र वागायला लागतात आणि माणूस अल्टरनेटर बदलत बसतो.

दोन्ही ठीक, बॅटरीवर १४ आहेत, तरीही मिणमिणतो? उरलं दिव्याचं स्विचकडचं टोक. बॅटरीचा प्लस आणि मीटरच्या फ्यूजची येणारी बाजू यांच्यातला फरक मोजा. इग्निशन स्विचचे कॉन्टॅक्ट जुने झाले की तिथे एखादा व्होल्ट अडतो. अशा वेळी दिव्यातून करंट उलट्या दिशेने, डी+ कडून स्विचकडे वाहत असतो. बल्बला दिशा कळत नाही, तो आपला पेटतो. खूण एकच: ब्लोअर, वायपर, लाइट एकेक करून लावत गेलात की मिणमिण वाढत जाते.

मिणमिणणाऱ्या दिव्यात एसी रिपल, म्हणजे डीसीत मिसळून आलेली एसीची लहर, तीही बघून घ्यावी. मीटर एसी व्होल्टच्या छोट्या रेंजवर घेऊन चालू इंजिनला बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोडवर संशय घ्या. पण आधी इंजिन बंद असताना तीच पिन लावून बघा, शून्य यायला हवं. स्वस्तातले काही मीटर साध्या डीसीलाही एसी रेंजवर २५–३० असा भलताच आकडा दाखवतात. तसा मीटर या कामाला उपयोगाचा नाही.

तक्रार चार: रेस दिल्यावरच विझतो

सुरू केल्यावर दिवा पेटलेला राहतो, एकदा जोरात रेस दिली की विझतो आणि मग दिवसभर ठीक. अल्टरनेटरला सुरुवातीचा धक्का अपुरा मिळतोय. रोटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व उरलेलं असतं, तेवढ्यावर तो जास्त वेगात स्वतःच जागा होतो.

कधी ब्रश उगाळलेले असतात. पण हल्ली याचं एक गमतीदार कारण भेटतं: मालकाने हौसेने मीटरमधले सगळे बल्ब काढून एलईडी बसवलेले असतात. मीटर झकास दिसतो. एलईडी घेतो जेमतेम १०–२० मिलिअँपिअर, आणि रोटरला हवा असतो त्याच्या दहापट. गणित सोपं आहे: २.२ वॉटचा बल्ब पेटलेला असताना साधारण ६५ ओहमचा असतो. एलईडी ठेवायचाच असेल तर त्याच्या दोन टोकांना समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर लावा. तो तापतो, म्हणून प्लास्टिकला चिकटवू नका. काही मीटरमध्ये कंपनीनेच असा रेझिस्टर बसवलेला असतो, तिथे ही अडचण येत नाही. माझा सल्ला विचाराल तर त्या एका जागी जुना बल्ब परत घाला आणि विषय संपवा.

तक्रार पाच: चावी काढली तरी दिवा मंद पेटलेला

एक गाडी आठवते. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या, तिसरी रात्रीत उतरत होती. मालक म्हणाला, चार्जिंग चौदा आहे, मग बॅटऱ्याच खराब येतायत. मी सकाळी गेलो. गाडी रात्रभर उभी, इंजिन थंडगार. सवयीने अल्टरनेटरवर हात ठेवला आणि तो कोमट लागला. मीटरच्या काचेवर तळहाताचा आडोसा केला, तर चावी नसताना बॅटरीच्या चित्रामागे अगदी पुसट लाली. चावी ऑन केली आणि ती लालीही गेली.

हा शॉर्ट झालेल्या प्लस डायोडचा ठसा आहे. बॅटरीची वीज बी+ वरून त्या डायोडमधून उलटी आत शिरते, स्टेटरमधून छोट्या डायोडवाटे डी+ वर येते. डी+ वर व्होल्टेज आल्यामुळे रेग्युलेटरला वाटतं काम सुरू करायचं, आणि तो रोटरला पूर्ण करंट सोडतो. छोट्या डायोडमध्ये थोडं अडून डी+ वर उरतात साधारण ११.६ व्होल्ट, त्यातला एखादा रेग्युलेटरमध्ये जातो, रोटर ३ ओहमचा धरा: साडेतीन अँपिअर. दहा तासांची रात्र म्हणजे ३५ अँपिअर-अवर. मध्यम गाडीच्या बॅटरीत सकाळी काय उरणार? आणि थोडा करंट डी+ वरून दिव्यातून इग्निशन लाइनकडे, तिथून बाकीच्या उपकरणांतून अर्थला जातो, म्हणून चावी नसताना लाली. चावी ऑन केली की दिव्याच्या दुसऱ्या टोकालाही बारा येतात, फरक जवळजवळ मिटतो, दिवा विझतो. सगळं उलटं: हवा तेव्हा नाही, नको तेव्हा आहे.

अशी गाडी दिसली की लगेच बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवा. डायोड प्लेट बदलेपर्यंत रात्री जोडून ठेवू नका. आणि बॅटरी उतरल्याची कुठलीही तक्रार आली की उभ्या गाडीचा गळता करंट मोजायची सवय लावा. सगळी कंट्रोल युनिट झोपल्यावर तो ५० मिलिअँपिअरच्या आत असावा.

तक्रार सहा: मध्येच फडफडतो

खड्ड्यात, पावसात किंवा वळणावर क्षणभर लागतो. ब्रश आणि कपलर, यापलीकडे फारसं काही नसतं. इंजिन आयडलला ठेवून कपलर आणि हार्नेस हलवून बघा, बेल्टपासून बाही आणि केस लांब ठेवून. पाण्यातून गेल्यावरच होत असेल तर बेल्ट घसरतोय.

दिवा विझलेला आहे म्हणून सगळं ठीक, असंही नाही

दिवा फरक दाखवतो, प्रमाण नाही. एक मोठा डायोड उघडा पडून अल्टरनेटरची ताकद घटली तरी दिवा विझलेला राहू शकतो. रेग्युलेटर बिघडून १६ व्होल्ट जात असतील तरीही साध्या सर्किटमध्ये दोन्ही टोकांना १६ च असतात. बॅटरीतून आंबूस, सडक्या अंड्यासारखा वास येतोय, बल्ब पटापट उडतायत आणि दिवा शांत, अशी गाडी आली तर मल्टिमीटरच लावावा लागतो.

नवीन गाड्यांत काय बदलतं

तीन पिनांचं कपलर असेल तर त्यावर बहुधा एल, आयजी आणि एस असतात. एल दिव्याचा, आयजी वर चावी ऑन केल्यावर बॅटरीचं व्होल्टेज यायला हवं, एस वर कायम. आयजी किंवा एसचा फ्यूज उडालेला असताना अल्टरनेटर काढून बाकावर ठेवू नका, आधी हे दोन पिन मोजा.

त्याहून नवीन गाड्यांत दिवा अल्टरनेटरशी जोडलेलाच नसतो. रेग्युलेटर ईसीयूशी एका वायरीवर, बहुधा लिन बसवर (एका वायरीवरून डिजिटल संदेश नेणाऱ्या जोडणीवर), बोलतो आणि दिवा लावायचा की नाही हे डॅशबोर्डवरचा मीटर ठरवतो. इथे जंपरने वायर अर्थ करायची वर सांगितलेली तपासणी करू नका. सर्किट डायग्राम बघून पद्धत कोणती ते ठरवा, डायग्राम नसेल तर स्कॅनर लावा. स्कॅनरवर येणाऱ्या कोडपैकी पी०५६२ म्हणजे सिस्टिमचं व्होल्टेज कमी, पी०६२१ म्हणजे दिव्याच्या एल सर्किटमध्ये दोष, पी०६२२ म्हणजे फील्डच्या, म्हणजे रोटरच्या, सर्किटमध्ये. कोड भाग सांगत नाही, गल्ली सांगतो; घर तुम्हालाच शोधायचंय.

अशा गाड्यांत चालताना १२.५ दिसलं म्हणून घाबरू नका. बॅटरी भरलेली असली की ईसीयू इंधन वाचवायला चार्जिंग मुद्दाम उतरवतो, उतारावर किंवा ब्रेक लावताना १५ च्या जवळही नेतो. हेडलाइट लावून काही मिनिटं थांबा, बहुतेक वेळा आकडा नेहमीच्या जागी येतो. व्होल्टेज ड्रॉपच्या (प्लसवर प्लस लावून केलेल्या) तपासण्या मात्र इथेही जशाच्या तशा चालतात, कारण जाड वायर आणि अर्थ पट्टी अजून तीच आहे.

दुरुस्तीनंतर

पायरी १ मधला तोच क्रम परत बघा: बंद, पेटलेला, बंद. बॅटरीवरचे आकडे लोडसह परत घ्या. आणि नवीन अल्टरनेटर बसवला असेल तर उतरलेली बॅटरी त्याच्या गळ्यात टाकू नका. रात्रभर चार्जरवर भरून मग जोडा. नाहीतर पहिल्याच फेरीत तो पूर्ण ताकदीने तासन्‌तास तापतो, आणि महिन्याभरात तीच गाडी त्याच लाल दिव्यासकट परत दारात.